अंड्याची शिवण

मिलीने केलेलं पहिलं अंडं पक्षिणीने चोचीने ढकलत ढकलत घरट्याच्या काठाशी नेलं आणि चिखलात लोटून दिलं. लाकडी आडोशाच्या फटीतून दोघींनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. परतीच्या वाटेवर गाडीत मिली तोंड फिरवून बसली. वहिनीला हसू आवरत नव्हतं, म्हणून तीही तोंड खिडकीबाहेर करून बसली.

मिली ही वहिनीची धाकटी नणंद. खरं नाव वेगळंच, पण लहानपणी ती पट्टी घेऊन घरभर हिंडायची आणि अर्ध्या मिलिमीटरवरून सुताराशी हुज्जत घालायची. तिच्या दादाने तेव्हा हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मोठेपणी ती संगणकावर, कॅड नावाच्या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, यंत्रांचे भाग काढायला लागली. तिच्या पडद्यावर प्रत्येक गोष्ट एका रेषेतून किंवा वर्तुळातून जन्माला यायची, आणि प्रत्येक रेषेच्या अंगावर तिचं माप लिहिलेलं असायचं.

वहिनीची गत उलटी. लग्नाआधी ती मातीकाम करायची. पुढे माती सुटली आणि तिच्या जागी एक सॉफ्टवेअर आलं, ज्यात आकार काढायचा नसतो, चेपायचा असतो, ओढायचा असतो. पडद्यावर एक राखाडी गोळा आणि त्याच्याभोवती सैल जाळी. जाळीचा एक बिंदू धरून जरा ओढला की गोळा झोपेत कूस बदलल्यासारखा हलतो. वहिनी तासन् तास त्यात हरवून जायची. तिला हाक मारली की "हं" ऐकू यायचं, पण ते "हं" फार लांबून आलेलं असायचं.

माडीवरच्या खोलीत दोघींची टेबलं पाठीला पाठ लावून होती. वहिनी इस्त्रीची मूठ करायची आणि मिली त्यात तारा नि स्क्रू बसवायची. वहिनी हेल्मेटचा घाट काढायची, मिली त्याची बिजागरी. मधल्या मध्ये भांडणं ठरलेली. वहिनीचा आकार मिलीच्या कॅडमध्ये गेला की तो कुठेतरी उसवायचा, आणि दोघींपैकी कुणीच आपल्या टेबलावरची चूक मान्य करायची नाही. अशा वेळी दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, पोस्टातून दमून आलेला असला तरी निमूट स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घ्यायचा. "मी खाली आहे," एवढंच म्हणायचा. "कुणी जिंकलं की जेवायला या."

अंड्याचं काम आलं ते पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून. गावाबाहेरच्या पाणथळीत क्रौंच वाढवायचं एक केंद्र होतं, त्या तिथल्या प्रमुख. उंच, हडकुळ्या, आणि सतत कुजबुजत बोलायच्या. पक्षी बिचकू नयेत म्हणून ती सवयच लागली होती त्यांना, चार भिंतींत आल्या तरी आवाज चढायचा नाही. त्यांची अडचण साधी होती. केंद्रातली अंडी उबवणी यंत्रात ठेवत, पण त्यातली कितीतरी आतल्या आतच मरत. यंत्र ऊब एकसारखी देतं, अंडं घड्याळावर फिरवतं. आई तसं करत नाही. ती कसं करते ते कुणालाच नीट माहीत नव्हतं.

"आमच्याकडे एक मादी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर वर्षी अंडी घालते, दर वर्षी ती रिकामी निघतात. पण बसावं तर तिनेच. मला तिच्याकडून शिकायचंय. ती काय करते ते मला आतून बघायचंय. अंड्याच्या आतून."

म्हणजे खोटं अंडं हवं होतं. आत ऊब मोजणारं, हालचाल टिपणारं एक छोटं यंत्र, आणि बाहेरून हुबेहूब अंडं.

वहिनीच्या डोळ्यांसमोर तेव्हाच राखाडी गोळा फिरायला लागला होता. पण मिलीने हात झटकले. "अंडं म्हणजे काय गं वहिनी? दोन कंस जोडायचे आणि गर्रकन फिरवायचे. तू हेल्मेट संपव, हे मी एकटी करते."

आणि केलं तिने. देखणं अंडं होतं ते. कुठूनही बघा, सारखंच. बरोबर मध्ये आटे पाडलेले, दोन अर्धे पिळून घट्ट बसायचे. आत तळाशी बॅटरी, वर बाकीचा संसार. पक्षिणीने ते चिखलात लोटलं.

का लोटलं ते अंड्याने स्वतःच सांगितलं. चिखलातून काढून धुतल्यावर मिलीने त्यातली नोंद उघडली. पक्षिणीने अंडं फिरवलं होतं, आणि अंडं परत वळून मूळ जागी आलं होतं. पुन्हा फिरवलं, पुन्हा आलं. बॅटरी तळाशी होती ना! कितीही आडवी केली तरी उठून बसणाऱ्या बाहुलीसारखं ते हट्टाने एकच बाजू वर करत होतं. शिवाय आट्यांच्या जोडावर दर वेळी चोच अडकत होती. अशा अंड्याशी कोण किती वेळ हुज्जत घालणार?

मिलीने बरेच दिवस अबोला धरला. मग एका दुपारी तिने एक पुठ्ठ्याचा डबा वहिनीच्या टेबलावर आणून ठेवला. आत कापसात त्याच पक्षिणीची गेल्या वर्षीची रिकामी निघालेली अंडी होती, डॉक्टरीणबाईंनी आतून साफ करून जपून ठेवलेली.

"घे," ती म्हणाली. "तुझं काम आहे."

"आपलं," वहिनी म्हणाली, पण मिली तोवर वळून बसली होती.

त्यांतलं एक अंडं वहिनीने उचललं. आत काहीच नव्हतं, त्यामुळे हातात घेतल्यासारखंच वाटेना. तिने ते स्कॅनरच्या फिरत्या चकतीवर ठेवलं. खोलीचे पडदे ओढले. लाल प्रकाशाची एक बारीक रेघ अंड्याच्या अंगावरून सरकायला लागली, आणि संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचा एक ढग जमत गेला. आधी विरळ धुकं, मग दाट, मग त्या धुक्यातच एक अंडं. ते कुठेच सारखं नव्हतं. एका अंगाला किंचित फुगीर, दुसरीकडे कुणी अंगठ्याने हलकेच दाबल्यासारखं. निमुळतं टोकही मधोमध नव्हतं, जरासं कललेलं होतं, कुणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकत असल्यासारखं.

वहिनीने त्या ढगावर आपली जाळी पांघरली आणि बिंदू बिंदू ओढून ती अंगाला बसवायला घेतली. पुढचे काही दिवस ती घरात होतीही आणि नव्हतीही. दादाने एकदा तिच्यासमोर चहा ठेवला, तिने त्यात हातातलं संगणकाचं पेन बुडवलं. दुपारी टेबलावर डोकं टेकून तिचा डोळा लागला, तर आपण एका फिकट पिवळ्या खोलीत आहोत, खोलीला कोपरेच नाहीत, भिंतीपलीकडून कुणाच्या तरी छातीचा ठोका ऐकू येतोय, असं तिला दिसलं. जाग आली तेव्हा समोरचं अंडं संथपणे फिरत होतं. ती नुसती बघत राहिली. आईने घातलेलं, वाया गेलेलं, आणि आता परत येऊ घातलेलं.

मग ते मिलीकडे गेलं आणि व्हायचं तेच झालं.

"उसवलंय," पलीकडून आवाज आला.

"तुझ्याकडे आल्यावर उसवलं असेल."

"वहिनी, इकडे ये. भांडू नकोस, नुसती बघ."

वहिनी टेबलाला वळसा घालून गेली. मिलीने निमुळतं टोक मोठं करून दाखवलं. जाळीचे सगळे धागे तिथे एका बिंदूत येऊन मिळत होते, पिशवीचं तोंड नाडीने आवळावं तसे. डोळ्यांना ते गुळगुळीत दिसायचं, पण कॅड डोळ्यांनी बघत नाही. त्याला तिथे चुण्याच चुण्या दिसत होत्या. अंडं आतून पोकळ करायला सांगितलं की त्या चुण्यांपाशी ते अडून बसायचं.

वहिनीने पडद्याशी वाकून नीट पाहिलं. चूक तिचीच होती, आणि आजवर किती वेळा ती हीच चूक करून मिलीशी भांडली होती, कोण जाणे. तिने आख्खी जाळी टाकून दिली. गोळ्याऐवजी या वेळी ठोकळ्यापासून सुरुवात केली, ठोकळ्याचे कोपरे मऊ करत करत अंड्यापर्यंत आली. आता धागे कुठेच एका जागी गर्दी करत नव्हते. मिलीने ते घेतलं, पोकळ करायची आज्ञा दिली, आणि पडद्यावर सगळीकडे सारख्या जाडीचं पातळ कवच उभं राहिलं.

"आई गं," मिली म्हणाली. वहिनीला तेवढं पुरलं.

खरी पंचाईत पुढे होती. यंत्र आत घालायचं म्हणजे अंडं कुठेतरी कापायला हवं. आटे पाडायचे तर वर्तुळ हवं, आणि या अंड्यात अस्सल वर्तुळ कुठेच नव्हतं. मिलीने वर कापून पाहिलं, खाली कापून पाहिलं, तिरपं कापलं. कुठेही जोडा, चोचीला लागेल अशी कड राहायचीच. शेवटी वैतागून तिने खरं अंडं आणि पेन्सिल वहिनीच्या हातात दिली.

"तुझ्या बोटांना जास्त कळतं. डोळे मीट आणि मला सांग, हे कुठे शांत आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय माहीत? तूच म्हणतेस ना नेहमी, इथे आकार शांत आहे, इथे घाईत आहे! जिथे शांत आहे तिथे रेघ काढ."

वहिनीने डोळे मिटले. बोट अंड्यावरून फिरवत ती पाठोपाठ पेन्सिल ओढत गेली. रेघ सरळ आलीच नाही. कुठे चढली, कुठे उतरली, शेवटी वळण घेत आपल्याच शेपटाला येऊन मिळाली. मिलीने ती रेघ तशीच्या तशी कॅडमध्ये उतरवली आणि अंडं त्या रेघेवर कापलं. आटे काढून टाकले. आतल्या बाजूला मात्र तिने स्वतःच्या हिशोबाचं, अगदी काटेकोर गोल कडं बसवलं, त्यात रबराची चकती. आता दोन्ही भाग पिळायचे नव्हते, दाबायचे होते. वरच्या नागमोडी कडेमुळे ते एकाच रीतीने बसायचे, आणि बसले की शिवण बोटाला सापडायची नाही. बाहेर सगळं वहिनीचं, आत सगळं मिलीचं, आणि नेमकं कुठे एकीचं संपून दुसरीचं सुरू होतं ते दोघींनाही दाखवता आलं नसतं.

वजनाचं मिलीने सांभाळलं. वेड्यावाकड्या आकाराचा तोल कुठे असतो ते कॅडला विचारलं, आणि बॅटरी बरोबर तिथे टांगली. थ्रीडी प्रिंटरवर कवच छापून आलं, त्याला रंग वहिनीने दिला. फिकट मातकट अंगावर तपकिरी शिंतोडे, मोठ्या टोकाकडे दाट, निमुळत्या टोकाकडे विरळ. दादाने ते टेबलावर खऱ्या अंड्यांशेजारी ठेवलेलं पाहिलं आणि नेमकं खरं अंडंच उचलून म्हणाला, "वा, हे जमलंय!" मिली त्यावर इतकी हसली की तिला खुर्चीत बसवेना.

पाणथळीवर त्या सकाळी धुकं होतं. पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे लागतं, काही कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई करड्या चादरीत अंग गुंडाळून घरट्याकडे गेल्या, पक्षिणीचं रिकामं अंडं उचललं, हे ठेवलं आणि धुक्यात विरघळल्यासारख्या परत आल्या. पक्षीण लांब पायांनी सावकाश आली. मान वाकवली. चोचीने अंडं जरासं वळवलं. अंडं वळलं आणि वळलेलंच राहिलं. तिने आणखी एकदा वळवलं, पोटाची पिसं फुलवली, पाय दुमडले आणि अंगाखाली घेऊन ती खाली बसली.

"बसली," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. त्या रोजच कुजबुजत, पण हे वेगळं होतं.

त्यानंतर अंडं आतून बोलायला लागलं. रोज त्याची नोंद माडीवरच्या खोलीत यायची आणि मिली ती पडद्यावर उलगडायची. पहाटे ऊब चढायची, दुपारी जोडीदार बसायला आला की जराशी उतरायची. मध्येच पक्षीण उठून जायची आणि अंडं थंड होऊ द्यायची, मग परत येऊन जवळ घ्यायची. वाकड्या रेषेचा तो चढउतार बघता बघता वहिनीचा श्वास त्याच्या लयीत जायचा. डॉक्टरीणबाईंनी उबवणी यंत्राला तीच लय शिकवली. यंत्रातली अंडी या वेळी जगत होती. सगळे खूश होते.

मग डॉक्टरीणबाईंनी अंड्यातून आवाज सोडायचं ठरवलं. तशी सोय मिलीने आधीच आत करून ठेवली होती. पिल्लू बाहेर यायच्या आधी कवचाआडून बारीक चिवचिवतं, आणि आई त्याला काहीतरी उत्तर देते. ते उत्तर टिपून यंत्रातल्या पिल्लांना ऐकवायचं होतं.

आडोशाआड तिघी बसल्या. अंडं चिवचिवलं. पक्षीण थबकली. मान वळवून तिने पोटाखाली पाहिलं. अंडं पुन्हा चिवचिवलं. तेव्हा तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, खोल, घरघरता, मांडीवरच्या लेकराला थोपटताना येतो तसा. दर वर्षी बसली होती बिचारी, पण आजवर तिला आतून कुणी हाक मारली नव्हती.

"मिळालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार छान. आता दोन-चार दिवसांत अंडं काढून घेऊ."

"आणि ती?" वहिनीने विचारलं.

"ती थोडे दिवस शोधेल. मग विसरेल."

वहिनी उठली. घरी आली, माडीवर गेली, संगणक लावला नाही. अंधुक उजेडात पाय वर घेऊन खुर्चीत बसून राहिली. मिली दारात येऊन उभी राहिली तेव्हा ती म्हणाली, "आकार मी दिला गं. तिचंच अंडं तिला परत दिलं असं वाटत होतं मला. आणि आपण तिला आतून खोटी हाक मारली."

मिली आपल्या टेबलाशी गेली आणि नोंद उघडून बसली. बराच वेळ तिची पाठ तेवढी दिसत होती. मग ती म्हणाली, "चल. उठ."

"कुठे?"

"पाणथळीवर. चप्पल घाल."

केंद्राच्या कचेरीत मिलीने डॉक्टरीणबाईंसमोर लॅपटॉप ठेवला. "यंत्रात तुमची खरी अंडी आहेत. आतून चिवचिवायला लागलेलं एक तिच्याखाली ठेवा."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिने पिल्लू कधी पाहिलेलं नाही. घाबरून टोचून मारलं तर? माझ्याकडे एकेक अंडं लाखमोलाचं आहे."

"हे बघा. पहिली हाक इथे गेली. त्याआधी ती अंडं सारखं फिरवत होती. हाकेनंतर एकदाही फिरवलेलं नाही. तुम्ही यंत्रातही शेवटी फिरवणं थांबवता ना?"

"थांबवतो. पिल्लू फोडायच्या तयारीत असतं म्हणून."

"मग ते तिला कुणी सांगितलं?"

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वहिनीला वाटलं आपणही काहीतरी बोलावं, पण मिलीने टेबलाखालून तिचा हात घट्ट धरला होता.

"पिल्लाला काही झालं तर," डॉक्टरीणबाई अखेर म्हणाल्या, "तुमच्याशी जन्मात बोलणार नाही." आणि उठून त्यांनी करडी चादर घेतली.

भर दुपारी अदलाबदल झाली. पक्षीण पंख पसरून अंगावर धावून आली, कर्कश ओरडली, एक चोच डॉक्टरीणबाईंच्या दंडावर बसलीच. खोटं अंडं त्यांनी आडोशात आणून वहिनीच्या ओंजळीत टाकलं. ते ऊबदार होतं. वहिनीला ठाऊक होतं आत काय आहे, कडं कुठे आहे, बॅटरी कुठे टांगली आहे. तरी तिने ते छातीशी धरलं.

पलीकडे पक्षीण घरट्याशी आली होती. तिने नव्या अंड्याला चोच लावली. अंडं आपणहून चिवचिवलं. ती घरघरली आणि बसली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होत्या. "या! लगेच या!"

दोघी गेल्या तेव्हा धुकं उठत होतं. फटीतून आधी नुसती पक्षीण दिसली, पाण्याकडे तोंड करून बसलेली. मग तिच्या पाठीवरची पिसं हलली आणि त्यांतून एक दालचिनी रंगाचं ओलसर डोकं वर आलं, इकडेतिकडे बघितलं, आणि पुन्हा पिसांत बुडालं. पक्षिणीने मान मागे वळवली. तिला कसलीच घाई नव्हती.

मिली फटीपासून बाजूला झाली आणि आडोशाच्या फळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"धुरळा गेला डोळ्यात," मिली म्हणाली.

"चिखलात?"

"गप गं वहिनी."

घरी दादाने विचारलं, "काय झालं शेवटी?" तर दोघी एकदम सांगायला लागल्या. एकीने पिल्लाच्या डोक्यापासून सुरुवात केली, दुसरीने नोंदीपासून. मध्येच दोघी एकमेकींची वाक्यं पुरी करायला लागल्या, मध्येच भांडल्या, पिसांचा रंग कोणता यावरून. दादाला धड काही कळलं नाही. तो वाढून ठेवलेली ताटं पुढे सरकवत राहिला, आणि जेवण निवलं तरी त्यांचं सांगणं काही संपेना.